बर्फाचा साठा आधी वहीत, मग मॉडेलमध्ये

बेळगाव, जुलै

कणकुंबीला रात्रभर पाऊस कोसळला की मलप्रभा खानापुरात लगेच फुगते. आंबोली-आजऱ्याकडं जोर धरला की संकेश्वरात हिरण्यकेशीच्या पाण्याची चौकशी सुरू होते. इथली मुलं जलविज्ञानाच्या वर्गात येतात ती हा हिशेब अंगात मुरलेला घेऊनच: पडलं ते तासाभरात नाहीतर एक-दोन दिवसांत नदीत. थंड प्रदेशाचं मॉडेल (पाऊस-बर्फावरून नदीचं पाणी काढणारं संगणकी गणित) शिकवताना हीच सवय आड येते. तिथं नोव्हेंबरात पडलेलं पाणी नदीला मे महिन्यात मिळतं. मधल्या काळात ते डोंगरावर साठून राहतं. मॉडेलचं खरं काम म्हणजे या साठ्याचा जमाखर्च.

म्हणून सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी वहीवर गणित. बर्फात नळी खुपसून काढलेल्या नमुन्यापासून सुरुवात करावी. बर्फाची खोली ८० सेंमी, नळीचं आतलं क्षेत्रफळ ३० चौ. सेंमी, आतल्या बर्फाचं वजन ७२० ग्रॅम. ७२० भागिले ३०, म्हणजे २४ सेंमी पाणी, २४० मिमी. पाण्याच्या तुलनेत घनता ०.३०. ताज्या भुसभुशीत बर्फाची घनता ०.१० च्या आसपास असते, वसंतात मुरलेल्या बर्फाची ०.४० च्या वरही जाते. त्यामुळं नुसती खोली सांगून पाणी कळत नाही. (नळीने बर्फ तोलण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या नेवाडात माउंट रोझवर रुजवली जेम्स चर्च यांनी, आणि ते शिकवायचे लॅटिन! सिव्हिलच्या पोरांना हे मुद्दाम सांगावं.)

पुढची पायरी डिग्री-डे, म्हणजे शून्याच्या वरच्या दर अंशाला दिवसात किती बर्फ वितळतो त्याचा हिशेब. त्याचा फॅक्टर ४ मिमी प्रति अंश प्रति दिवस धरला आणि दिवसाचं सरासरी तापमान ५ अंश असलं, तर रोज २० मिमी वितळतं. १०० चौ. किमी पाणलोटावर ते दिवसाला २० लाख घनमीटर होतं, म्हणजे सेकंदाला सुमारे २३ घनमीटर. हे उत्तर आलं की मुलं थांबतात, पण पाणी अजून नदीत पोचलेलंच नसतं. तो २४० मिमीचा थर उणे ५ अंशांवर असेल तर आधी शून्यावर यायला हवा: २४० किलो × २.१ (एक किलो बर्फ एक अंशाने तापवायला लागणारे किलोज्यूल) × ५, म्हणजे दर चौरस मीटरला २,५२० किलोज्यूल. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, तेव्हा एवढ्या उष्णतेत साडेसात मिमी वितळलं असतं. शिवाय थर स्वतःच्या पाण्याच्या दहा टक्के, २४ मिमी, पोकळ्यांत धरून ठेवतो. स्वीडनमध्ये तयार झालेल्या एचबीव्ही या जलविज्ञानाच्या मॉडेलमध्ये हा दहा टक्क्यांचा आकडा साधारण असाच घेतात. दोन्ही मिळून ३१-३२ मिमी. कडक उन्हाळी दिवसांत हा उशीर दीड दिवसाचा. वसंताच्या तोंडावर, सरासरी एकच अंश असताना, तोच आठ दिवसांचा होतो. हा उशीर मॉडेलात नसेल तर पहिला पूर आठवडाभर आधी दिसतो, आणि मग मुलं फॅक्टर खाली ओढत बसतात.

उंचीचे पट्टे पाडायलाच हवेत. हवामान ठाणं १,५०० मीटरवर आणि तिथं ६ अंश. दर किमी उंचीला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं तर ३,००० मीटरवर उणे पावणेचार. शून्याची रेषा २,४०० च्या थोडी वर. तिच्या खाली बर्फ वितळतोय, वर नवा साठतोय, आणि एकच सरासरी तापमान घेणारं मॉडेल सगळा डोंगर एकदम वितळवतं किंवा एकदम गोठवतं.

सगळ्यात घातक चूक मात्र मोजमापात असते. आपल्या सायमन पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून जेमतेम ३० सेंमीवर. तिथं ते पहिल्या मोठ्या हिमवृष्टीतच गाडलं जाईल. तिकडचे वजनी मापक (पडलेला बर्फ तोलून मोजणारे) उंच खांबावर असतात. भांड्यात गोठणरोधक द्रव, वर तेलाचा पातळ थर, भोवती वारा अडवणाऱ्या हलत्या पट्ट्या. तरीही पिसासारखा बर्फ वाऱ्यानं तोंडावरून उडून जातो. पट्ट्या नसतील तर जोराच्या वाऱ्यात निम्मासुद्धा हाती लागत नाही. मग मॉडेलला पाणी कमी पडतं, कॅलिब्रेशन, म्हणजे मोजलेल्या आकड्यांशी मॉडेल जुळवणं, बाष्पीभवन घटवून ती तूट भरून काढतं, आणि विसर्गाचा (नदीतून वाहणाऱ्या पाण्याचा) आलेख मोजलेल्या आलेखावर सुंदर बसतो. असा आलेख बघून कुणी खूश झालं की मला काळजी वाटते. हिवाळा ओला निघाला किंवा बर्फाऐवजी पाऊस पडला की हे मॉडेल कोसळतं. विसर्ग जुळवण्याआधी साठा जुळला पाहिजे: नळीने मोजलेले आकडे, बर्फ कधी सरला ती तारीख, उपग्रहावर दिसणारं बर्फाचं क्षेत्र. हे जुळत नसेल तर फॅक्टरला हात लावू नये.

बेळगावात राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, पण ते कठीण खडकातल्या पाण्याचं. हिमाचं काम रुरकीला. तरी गोठलेली जमीन शिकवायला अथणी-रायबागची काळी रानं उपयोगी पडतात. मे मध्ये भेगाळलेलं रान पहिला पाऊस गिळतं, तेच ऑगस्टमध्ये तुडुंब झालं की पाणी वरून वाहतं. थंड प्रदेशातही कोरडी असताना गोठलेली जमीन वितळपाणी बऱ्यापैकी आत घेते. शरदात भिजून गोठलेल्या जमिनीची छिद्रं बर्फानं बुजलेली असतात आणि सगळं पाणी ओढ्याला लागतं. म्हणून मॉडेल जानेवारीपासून सुरू करू नये. ऑक्टोबरचा ओलावा त्यात आलाच पाहिजे, आणि त्याआधीचं निदान एक अख्खं वर्ष मॉडेल नुसतं चालवून घ्यावं.