काचेवर धरलेली वाफ

पिकअपच्या समोरच्या काचेवर आतून वाफ धरली की हात आपसूक फडक्याकडे जातो. काच पुसली जाते, रस्ता दिसू लागतो आणि गाडीने दिलेली जबानीही त्याच झटक्यात पुसली जाते. गाडी उभी असेल तर फडके उचलण्यापूर्वी एक बोट काचेवरून फिरवून ते नाकाशी धरावे, असे माझे मत आहे. बोट नुसते ओले झाले तर ते साधे पाणी. पण तेलकट, चिकट थर लागला आणि गोडसर वास आला, तर डॅशबोर्डमागचा हीटर कोअर, म्हणजे केबिनची हवा तापवणारा छोटा रेडिएटर, पाझरतो आहे आणि त्यातून फिरणाऱ्या कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, वाफ काचेवर बसते आहे, असे समजायला हरकत नाही. कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते, तेव्हा जिभेने खात्री करण्याचा उत्साह नको.

पाणी साधे निघाले तर प्रश्न एवढाच, की ते आले कोठून. २० अंश सेल्सिअसची हवा घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम बाष्प बाळगू शकते, शून्य अंशाची जेमतेम ५. त्यामुळे गार काचेला टेकलेली दमट हवा आपले ओझे तेथेच उतरवते. पिकअपची केबिन मुळात आटोपशीर. तीत माणसांचे श्वास, ओले बूट आणि हौद्यात भिजेल म्हणून सीटमागे कोंबलेले सामान. हे सामान बहुधा केबिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपांवरच रचलेले असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मागच्या सरकत्या काचेचे रबर किंवा छतालगतच्या ब्रेक दिव्याचे सील गेले असेल, तर पावसाचे पाणी गुपचूप गालिच्यात मुरते. त्यातच आतलीच हवा फिरवणारे बटण चालू राहिले, तर हीटर कितीही चांगला असो, काच स्वच्छ होत नाही. बाहेरची हवा घ्यावी आणि हीटरबरोबर एसीही लावावा. थंडीत एसी विचित्र वाटला तरी हवेतले पाणी तोच काढून घेतो.

हीटरच तापत नसेल, तर आधी इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी पाहावी. ती कमी असली की एक्सिलरेटर दाबल्यावर गरम वारा येतो, गाडी थांबली की तो गार पडतो आणि डॅशबोर्डमागे पाणी खळखळते. पातळी ठीक असूनही मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, उघडा अडकला असावा. काटा जागेवर असेल, तर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात शिरणारे हीटरचे दोन्ही पाइप जपून चाचपावेत. एक गरम आणि दुसरा कोमट लागला तर कोअर तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. दोन्ही चटका देत असतील तर गरम-गार हवा मिसळणारी झडप अडकली असावी, आणि नॉब फिरवताना येणारी टकटक तिच्याकडेच बोट दाखवते.

पाझरणारा कोअर मात्र खर्चात टाकतो, कारण तो बदलण्यासाठी अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. नुसता गालिचा ओला दिसला म्हणून त्या खर्चाला होकार देऊ नये, कारण एसीची निचऱ्याची नळी तुंबली तरी गालिचा तसाच भिजतो. फक्त ते पाणी चिकट नसते. आधी कूलंटच्या यंत्रणेला दाब देऊन तो टिकतो का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे.