पावडरीवर उमटलेली रेघ

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर माझे धनुष्यदुरुस्तीचे छोटेसे दुकान आहे. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड (टोकांना चाके आणि त्यांवरून केबल असलेल्या धनुष्याच्या) प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, आणि तेव्हापासून माझ्या टेबलावर कंपाउंड धनुष्ये अधिक येऊ लागली. त्यांतल्याच एका धनुष्याची ही हकिगत आहे.

जुलैतल्या एका गुरुवारी, भर पावसात, धायरीचे एक गृहस्थ आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. रविवारी तिची निवड चाचणी होती. "सर, पिसे पुन्हा फाटली. या वेळी जरा चांगली द्या," असे म्हणून त्यांनी बारा बाण टेबलावर ठेवले. (पिसे म्हणजे खरे तर प्लॅस्टिकची पाती, पण जुना शब्द आमच्यात टिकून आहे.) दोन महिन्यांत त्यांनी घरीच दोनदा सगळी पाती बदलली होती. पन्नास मीटरवर मुलीचे सहांपैकी एक-दोन बाण कारण नसताना सात नाहीतर आठ गुणांच्या वर्तुळात जात होते, आणि बाण सुटताना तिचा धनुष्य धरलेला डावा हात खाली पडतो, असे तिला मैदानावर सांगण्यात आले होते. ती काहीच बोलत नव्हती.

मी नवी पाती काढण्याऐवजी आधी फाटलेली पाहिली. बाराही बाणांवर वरचे पाते धड होते. खालच्या दोन पात्यांची पुढची कड मात्र उसवली होती, आणि त्यांतही रायझरच्या, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाच्या, बाजूचे पाते जास्त झिजले होते. बट्रेसमध्ये (निशाण लावायच्या जाड गादीत) घुसून किंवा बाणावर बाण आपटून पाती फाटली असती, तर जखमा कुठेही आणि कशाही दिसल्या असत्या. एकाच जागी, एकाच उंचीवर झालेली झीज म्हणजे बाण जाताना वाटेत काहीतरी लागत आहे, आणि त्या वाटेत रेस्टशिवाय, म्हणजे बाण टेकवायच्या आधाराशिवाय, दुसरे काही नसते. भिंग लावून पाहिल्यावर रेस्टच्या दुबेळक्याच्या टोकावर पात्याच्या पिवळ्या रंगाचा पुसटसा डाग सापडला.

लहान मुलांना लावतात ती साधी पावडर मी मऊ ब्रशने पात्यांवर आणि रेस्टवर लावली, आणि मागच्या बोळात ठेवलेल्या बट्रेसवर मुलीला अगदी जवळून एक बाण मारायला सांगितले. बाण काढून आणला तेव्हा पावडरीत नखाने ओढावी तशी एक स्वच्छ रेघ उमटलेली होती. सुरुवातीला मला नॉकचा, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाला दोरीत अडकणाऱ्या खाचेचा, संशय आला, कारण नॉक थोडा फिरलेला असला तरी पाते रेस्टवर घासते. मी तो किंचित फिरवला. रेघ सरकली, पण गेली नाही.

हा रेस्ट ड्रॉप-अवे जातीचा होता. धनुष्य ओढताना खाली जाणारी केबल एका बारीक दोरीने रेस्ट वर उचलते, आणि बाण सुटला की केबल परत वर जाते, दोरी सैल पडते आणि स्प्रिंगमुळे रेस्ट खाली पडतो. हे सारे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत उरकते, आणि तेवढ्यात पात्यांच्या वाटेतून रेस्टने बाजूला झालेले असावे लागते. स्प्रिंग ठीक होती. मग धनुष्य ड्रॉ बोर्डवर (धनुष्य अडकवून सावकाश ओढायच्या फळीवर) चढवून हळूहळू ओढले, तेव्हा ओढ अजून पाच इंच शिल्लक असतानाच रेस्ट पूर्ण वर आला. तो शेवटच्या इंच-दीड इंचात वर यायला हवा होता. दोरी फार आखूड बांधलेली होती. त्यामुळे रेस्ट वेळेआधी उठत होता आणि तितक्याच उशिरा पडत होता.

ती दोरी कोणी बांधली हे पाहायला मी नोंदवही उघडली. मे महिन्याच्या पानावर माझ्याच अक्षरात नोंद होती: नवी प्रत्यंचा, नव्या केबल, रेस्ट बांधला. त्या संध्याकाळी गिऱ्हाईक ताटकळत होते, म्हणून ड्रॉ बोर्डवर न चढवता मी धनुष्य हाताने एकदा ओढून, रेस्ट वरखाली होतो एवढेच पाहून दिले होते. मी हे दोघांना जसेच्या तसे सांगितले. वडील काही वेळ नोंदवहीकडेच पाहत राहिले. मुलीने पहिल्यांदाच तोंड उघडले आणि विचारले, "म्हणजे माझा हात पडत नव्हता?"

तिचा हात मी मैदानावर पाहिलेला नव्हता, म्हणून जेवढे ठाऊक होते तेवढेच म्हणालो, की पाती रेस्टला घासत असताना बाण कुठे गेला यावरून हाताविषयी काहीच ठरवता येत नाही. गेले दोन महिने ती रोज बाण सुटल्यावरही हात वर धरून ठेवण्याचा सराव करत होती, आणि त्या नादात धनुष्य घट्ट आवळू लागली होती, हे तिच्या वडिलांनी नंतर सांगितले. पाती बदलण्याच्या खर्चापेक्षा मला हे अधिक लागले.

मी गाठ सोडली, केबलवर थोडी वर सरकवली, ड्रॉ बोर्डवर तीन वेळा तपासली आणि मगच दोऱ्याने पक्की गुंडाळली. रेस्ट खाली पडून पुन्हा उसळू नये म्हणून त्याच्या पडण्याच्या जागी जाड फेल्टची पट्टी चिकटवली. सहा बाणांच्या दांड्या पुसून जिगवर (पाती नेमक्या जागी चिकटवायच्या साधनावर) नवी पाती बसवेपर्यंत नऊ वाजून गेले. पुन्हा पावडर लावून सहाही बाण मारून घेतले, आणि एकाही पात्यावर रेघ उमटली नाही. त्या रात्री मी पैसे घेतले नाहीत.

ते गेल्यावर मी नोंदवहीतला मे महिना पुन्हा चाळला. त्याच आठवड्यात आणखी तीन धनुष्यांवर मी ड्रॉप-अवे रेस्ट बांधले होते. शुक्रवारी सकाळी दुकान उघडण्याआधी तिघांनाही फोन करून धनुष्ये घेऊन यायला सांगितले. दोन बरोबर निघाली. तिसऱ्याच्या पात्यांची पुढची कड नुकतीच उसवू लागली होती.