हजार नावांत माझं काय?

“तुमच्या पेपरवर हजार-हजार नावं असतात. त्यात तुम्ही नेमकं काय केलंत?” व्याख्यान संपलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत थोडा संशय असतो, आणि तो रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

गुरुत्वीय लहरी म्हणजे जड ताऱ्यांच्या टकरीसारख्या घटनांतून अवकाशात उठणारे तरंग. त्यांच्या पहिल्या शोधाच्या पेपरवर हजारावर नावं होती. २०१७ साली दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर सापडली, तेव्हाच्या एका पेपरवर दुर्बिणवाल्यांना धरून सुमारे साडेतीन हजार. आमच्यात नावं आडनावाच्या क्रमानं लागतात, म्हणून कोणीही कितीही राबलं तरी जग म्हणतं ‘ॲबट आणि इतर’. मी इतरांतला. माझ्या नावापुढचा पेपरांचा आकडा ऐकून कोणी भारावलं की मला ओशाळल्यासारखं होतं. त्यातले बरेचसे मी वाचलेत, लिहिलेले नाहीत.

माझं काम खडे निवडण्याचं. अपेक्षित लहरीचा साचा घ्यायचा आणि तो डेटावर सरकवत कुठे जुळतो ते बघायचं, ही शोधायची रीत. तिचा पाया घालण्यात पुण्यात आयुका या खगोलसंशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा मोठा वाटा आहे, तोही लायगो ही या लहरी टिपणारी अमेरिकेतली वेधशाळा उभी राहण्याच्या कितीतरी आधी. पण यंत्र स्वतःही खोकतं, शिंकतं. त्या शिंकेला आम्ही ग्लिच म्हणतो, आणि तेच माझे खडे.

१७ ऑगस्ट २०१७. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं. लायगोची यंत्रं अमेरिकेत दोन ठिकाणी आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन. हॅनफर्डच्या यंत्रात त्या टकरीचा सिग्नल आला, लिव्हिंग्स्टनच्यात मात्र आपोआप सूचना आली नाही. माणसांनी आरेख उघडून पाहिला. निळ्या पार्श्वभूमीवर एक बारीक रेघ, आधी जवळजवळ आडवी, मग हळूहळू वर चढत शेवटी एकदम उभी होणारी. आणि टकरीच्या १.१ सेकंद आधी त्या रेघेवर उभा, भगभगीत पट्टा. ग्लिच! संगणकानं त्यालाच भिऊन सगळं बाजूला टाकलं होतं. तेवढा तुकडा कापून काढल्यावर रेघ सलग दिसली. मग ही दोन आणि इटलीतलं व्हर्गो अशा तिन्ही यंत्रांचा डेटा जुळवून आकाशाचा नकाशा निघाला, आणि टकरीनंतर साधारण अकरा तासांत चिलीतल्या दुर्बिणीला एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत, १३ कोटी प्रकाशवर्षांवर, नवा ठिपका दिसला.

तो पट्टा मी कापला नाही, हे स्पष्ट सांगतो. मी तेव्हा पीएचडीला होतो आणि भलत्याच आठवड्यांतले ग्लिच मोजत होतो. पण तसले ग्लिच दर काही तासांनी येतात आणि दोन यंत्रांत त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे आधीच मोजलेलं असतं म्हणूनच कोणी निर्धास्तपणे कात्री चालवू शकतं. त्या मोजणीत मी होतो. माझ्या बायोडेटात याची एक ओळ आहे, आणि मुलाखतीत तिच्यावर कोणी काही विचारत नाही.

अपवाद आमच्या हिंगोलीच्या मामांचा. लायगो-इंडिया त्यांच्या जिल्ह्यात, औंढा नागनाथला उभं राहतंय. २०२३ साली केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले, तेव्हापासून ते माझी उलटतपासणी घेतात. ट्रॅक्टरनं बिघडेल का? लांबचा असला तरी जमीन हलते, हो. रेल्वेनं? लिव्हिंग्स्टनला तोच त्रास आहे. मग मी त्यांना हॅनफर्डची गोष्ट सांगितली. तिथे एक विचित्र गोंगाट येत होता. शोधता शोधता लोक बाहेरच्या द्रव नायट्रोजनच्या नळ्यांपाशी पोचले. नळ्यांवर जमलेल्या बर्फावर चोचीचे ठसे होते. तहानलेले डोमकावळे बर्फ टोचत होते, आणि ती टकटक चार किलोमीटर लांबीच्या यंत्रात उमटत होती.

मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अरे, औंढ्याला देऊळ आहे. पिंडाला येणारे कावळे कमी नाहीत तिथं. हे तुमच्या साहेबांना कळवलंस का?”