बंड्याचं लाईफजॅकेट

परवा दुपारी माळा आवरायला काढला आणि पहिल्याच खोक्यात बंड्याचं लाईफजॅकेट हाताला लागलं. केशरी, पोटाखाली दोन पट्टे आणि पाठीवर चांगलं दणकट हँडल, म्हणजे कुत्रा पाण्यात पडला की बाजारच्या पिशवीसारखा उचलायचा. नवरा त्याला पिशवीच म्हणायचा, "बंड्याची पिशवी घेतलीस का?" आता ते टाकायचं की ठेवायचं असा विचार करत मी शिडीवरच बसले, आणि अर्थात माळा राहिला.

आम्ही राहतो इंग्लंडात, रेडिंगला. केनेट अँड एव्हन कॅनाल आमच्याच गावातून जातो, पण इतकी वर्षं आम्ही तो नुसता पुलावरून बघितलेला. मग एकदा बंड्याला घेऊन आठवडाभर नॅरोबोट भाड्याने घेतली, पार तिकडे ट्रोब्रिजजवळ, हिल्पर्टनहून. ही बोट म्हणजे पाण्यावर सोडलेली चाळच. रुंदी सात फूट, खोलीतून खोलीत आणि शेवटी मागे एक दांडा, तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. स्पीड लिमिट ताशी चार मैल. चार! काठावरून बाबागाडी ढकलणारी बाई आम्हाला ओव्हरटेक करून गेली, वर हात पण केला.

पण बंड्याला हा वेग एकदम पसंत पडला. गाडीत त्याला उलटी होते, ट्रेनमध्ये तो थरथरतो. इथे मात्र शेजारून घोड्यांसाठी केलेली जुनी पायवाट जाते, पूर्वी घोडेच बोटी ओढायचे, त्यामुळे कंटाळा आला की लॉकपाशी, म्हणजे दोन दारांमध्ये पाणी कोंडून बोट वर-खाली करायच्या जागेपाशी, उतरायचं, वाटेने पुढे पळायचं, सगळं हुंगून घ्यायचं आणि पुढच्या पुलाखाली आमची वाट बघत बसायचं, चेहऱ्यावर भाव असा की किती वेळ लावता. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सहल त्याची आहे, आम्ही दारं उघडायला आलोय.

आणि दारं तरी किती! सेमिंग्टनला दोन लॉक, सीन्डला पाच आणि मग डिव्हायझेसची ती कॅन हिलची चढण, तिथे २९. दोन मैलांत २३७ फूट चढायचं, बोटीने, डोंगर. १८१० साली हे बांधून झालं तेव्हा लोकांना काय वाटलं असेल देवजाणे. मधले १६ तर एकाला एक लागून, खालून बघितलं की घाटाच्या पायऱ्याच, प्रत्येक पायरीला काळी पांढरी दारं. एल आकाराच्या लोखंडी हँडलने झडपा फिरवायच्या, पाणी आत घ्यायचं आणि थांबायचं. पाणी दोन्हीकडे सारखं झालं नाही तर चार धट्टेकट्टे गडी लावले तरी दार हलत नाही, आणि झालं की मी एकटी दाराला जोडलेल्या ओंडक्याला ढुंगण टेकून ढकलते. हात नाही, ढुंगणच, सगळे तसंच करतात, तिथल्या सत्तरीच्या आज्जीबाईसुद्धा.

बंड्याला मी लॉकमध्ये बोटीवरच ठेवायचे, काठावर पायात पायात येतो म्हणून. लॉकच्या तळाशी बोट शिरली की दोन्ही बाजूला ओली काळी भिंत, शेवाळं, वरून ठिबक ठिबक, विहिरीत असल्यासारखं. तो गप्प. मग पाणी भरायला लागतं, बोट वर यायला लागते आणि भिंतीत उगवलेलं एखादं नेच्याचं रोप हळूच खाली जातं, मग काठ, मग बघ्यांचे बूट, मग गुडघे, आणि सरतेशेवटी बरोब्बर नाकासमोर कुणाच्या तरी हातातला सॉसेज रोल. पहिल्यांदा तो दचकला. तिसऱ्या लॉकपासून मान वर करून वाटच बघायला लागला. पाणी चढलं की सॉसेज येतो, त्याचं विज्ञान इतकंच, आणि तीनदा खरंही ठरलं.

तळाशी असताना मला दरवेळी कोकणातल्या आमच्या दाभोळची तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, आठवायची. आत्या धोपाव्याला, आम्ही दाभोळला, मधे खाडी. सुट्टीत आम्ही तरीने निघालो की घरचा मोत्या धक्क्यापर्यंत यायचा आणि तांडेल त्याला काही चढू द्यायचा नाही. "कुत्र्याचं तिकीट नाही," म्हणायचा. आम्ही रडायचो, मोत्या धक्क्यावर बसून बारीक होत जायचा. आणि संध्याकाळी आत्याच्या पडवीत बघावं तर मोत्या हजर! पुढच्या खेपेला मासळीच्या टोपल्यांमागे बसून आलेला. तांडेलालाही माहीत होतं बहुतेक, आमच्यासमोरच तेवढी शिस्त. आता तिथे फेरीबोट आहे, लोक गाडीसकट चढतात आणि एसी लावून आत बसून राहतात. मी पण गेल्या वेळी तेच केलं, खोटं कशाला बोला.

डिव्हायझेसला पोचल्यावर आईला फोन केला. कुठवर गेलात म्हणाली. म्हटलं निघालो तिथून गाडीने पंचवीस मिनिटं. ती गप्प, मग म्हणते, "अगो, मग चालत जायचंत की!" काय सांगणार. आणि आल्या वाटेनेच परतायचं, म्हणजे तेच ३६ लॉक पुन्हा, हे मी तिला बोललेच नाही.

जॅकेट उपयोगी पडलं ते एकदाच. परतताना एके ठिकाणी कडेच्या पाण्यावर डकवीडचा थर साचला होता, टिकलीपेक्षा बारीक हिरवी पानं, एवढी दाट की लॉनच वाटावं. बंड्या बोटीवरून थेट त्या लॉनवर उतरला. डुबुक. वर आलं ते एक हिरवं डोकं, त्यावर हिरवे कान आणि तोंडावर असा अपमान की हसायलाही धीर होईना. नवऱ्याने हँडलला धरून वर काढला, मग तो आम्हा दोघांवर अंग झाडून आत गेला आणि संध्याकाळपर्यंत कुणाकडे बघितलं नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली. अजूनही पार्कात नवीन गवत दिसलं की तो कडेला थांबतो, पुढचा एक पाय टेकवून दाबून बघतो आणि मगच जातो. लोक विचारतात पाय दुखतोय का. मी हो म्हणून सांगते.