बारा गैरहजर आणि एक सरासरी

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की आपल्या दहावीच्या वर्गातले मागचे बाक रिकामे दिसत. यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या भागात त्या दिवसांत कपाशी फुटलेली असते, सीतादही (वेचणीच्या आरंभीची पूजा) होऊन वेचणी सुरू झालेली असते, आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्यामुळे घरातले जितके हात शेतात तितके बरे, असा सरळ हिशेब असतो. 1996 च्या नोव्हेंबरात गणिताची शंभर गुणांची सराव परीक्षा झाली, त्या दिवशी मी वेचलेला कापूस ठेवायची ओटी कमरेला बांधून पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात होतो. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितले गेले तेव्हा मला सर्वांत आधी आठवली ती हीच, मी न दिलेली परीक्षा.

गणिताचे सर त्या आठवड्यात सांख्यिकी शिकवत होते, म्हणून वर्गाचा निकाल तयार करण्याचे काम त्यांनी वर्गावरच सोपवले. आकडे मी येथे सोयीसाठी गोल करून देतो. पटावर 40 विद्यार्थी, हजर 28, आणि त्या 28 जणांच्या गुणांची बेरीज 1400. निकालाचा जो छापील नमुना भरून पाठवायचा होता त्यात गैरहजर विद्यार्थ्यापुढे शून्य मांडण्याची पद्धत होती. तसे मांडले की 1400 ला 40 ने भागावे लागे आणि सरासरी येई 35, म्हणजे संपूर्ण वर्ग जेमतेम उत्तीर्णतेच्या उंबऱ्यावर. बहुलकाची गत तर याहून वाईट होती. सर्वाधिक वेळा आलेला गुण म्हणजे बहुलक, आणि बारा वेळा आलेला गुण एकच होता, शून्य. जी मुले परीक्षेला बसलीच नाहीत त्यांनी वर्गाचा बहुलक ठरवला होता. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा गुण, तोही खाली सरकला, कारण चढत्या क्रमाने मांडणी करताना रांगेत पहिली बारा शून्ये येऊन उभी राहत होती.

सर एरवी पुस्तकी मराठी बोलत, पण चिडले की वऱ्हाडीवर येत. निकालपत्रकावर बोट ठेवून ते म्हणाले, "शून्य म्हंजे पोट्टा पेपरले बसला अन् त्याले काहीच आलं नाही. हा तं बसलाच नाही, याले शून्य काहून देता?" त्यांनी बाराही ठिकाणची शून्ये लाल शाईने खोडून तेथे 'गै' लिहिले. पुढे त्या नमुन्याचे काय झाले, तो तसाच स्वीकारला गेला की परत आला, हे आम्हा मुलांपर्यंत कधी पोचले नाही.

वर्गातल्या एका हुशार मित्राने लगेच सुचवले, की मग 1400 भागिले 28, म्हणजे वर्गाची सरासरी 50 लिहावी. आम्हा बारा जणांनाही ते आवडले असते. सरांनी मात्र तेही लिहू दिले नाही. 50 ही हजर असलेल्या 28 जणांची सरासरी आहे, वर्गाची नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. बारा जण चिठ्ठ्या टाकून बाहेर निघाले असते, तर उरलेल्या 28 जणांवरून वर्गाचा अंदाज बांधता आला असता. पण हे बारा जण कापसाने निवडून नेले होते, आणि ज्यांना कापूस नेतो त्यांचे तासही बुडालेले असतात.

हा मुद्दा आमच्या डोक्यात उतरावा म्हणून दुसऱ्या दिवशी ते हजर असलेल्या मुलांना शाळेमागच्या वावरात घेऊन गेले. (मी हे नंतर ऐकले, माझी बोंडे त्या वेळी दुसऱ्यांच्या शेतात होती.) प्रत्येक गटाने वीस झाडे निवडून त्यांवरची बोंडे मोजायची आणि झाडामागे सरासरी काढायची. बहुतेक गटांनी धुऱ्याजवळची (बांधालगतची), मोकळ्या उजेडात वाढलेली भरघोस झाडे मोजली, कारण आत शिरण्याचा कंटाळा. एका गटाला मात्र सरांनी चिठ्ठ्या काढून ओळ आणि त्या ओळीतले झाड ठरवायला लावले होते. त्या गटाची सरासरी सर्वांत कमी आली आणि त्या मुलांना आपलेच काहीतरी चुकले असे वाटले. पुढे पदवीच्या अभ्यासात मला कळले, की सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पीक कापणी प्रयोगांतला असाच दोष दाखवून दिला होता. मोजणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असला, तर त्याच्या कडेवरची झाडे मोजणाऱ्याच्या हातून आत धरली जातात आणि उताऱ्याचा आकडा फुगतो. त्या काळात बंगालमधील तागाच्या पाहणीमुळे नमुना पद्धतीला (थोडा भाग मोजून सगळ्याचा अंदाज बांधण्याला) देशात मान मिळवून देणारे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, आणि या प्रश्नावर दोघांत खरा वाद झाला. आमच्या सरांना ही नावे माहीत होती की नाही, कोण जाणे. धुरा मात्र त्यांना पक्का माहीत होता.

संभाव्यता त्यांनी चिंचोक्यांवर शिकवली. चिंचोका फोडून त्याची एक डाळ फेकली, तर ती काळी पडेल किंवा पांढरी पडेल, म्हणून शक्यता निम्मी-निम्मी, असे आम्ही सर्वांनी ठामपणे सांगितले होते. प्रत्येकी पन्नास फेकी नोंदवल्यावर काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण निम्म्याच्या जवळपासही आले नाही. दोन शक्यता आहेत म्हणून त्या समसंभाव्य असतात असे नव्हे. तरीही "पास नाहीतर नापास, फिफ्टी-फिफ्टी" हे वाक्य प्रत्येक परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी ऐकू येतच राहिले. चार पर्यायांच्या वीस प्रश्नांना डोळे मिटून खुणा केल्या तर सरासरी पाच उत्तरे बरोबर येतात, आणि दहा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात दीडसुद्धा नसते, हा हिशेब मी कितीतरी वर्षांनी केला. शिष्यवृत्ती परीक्षेआधी केला असता, तर तुक्क्यांवर तेवढी मदार ठेवली नसती.

जानेवारीच्या अखेरीस, उलंगवाडी, म्हणजे कापसाचा हंगाम आटोपणे, होत आली तेव्हा, सरांनी आम्हा बारा जणांना एका रविवारी शाळेत बोलावले आणि तेवढ्याच काठिण्याची दुसरी प्रश्नपत्रिका सोडवायला दिली. आमच्या गुणांची बेरीज 552 भरली, म्हणजे सरासरी 46. मध्ये दोन महिने गेले होते, तेव्हा दोन परीक्षांची तुलना तंतोतंत होत नाही, हेही सरांनी फळ्यावर कोपऱ्यात लिहिले. एवढी काळजी घेणारी माणसे मला नंतर कार्यालयांत क्वचितच भेटली.

आता पंचायत समितीत सांख्यिकीचे काम करताना शाळांचे तक्ते माझ्या टेबलावर येतात. सरासरी हजेरी 78 टक्के, असा एकच आकडा असला की मी महिनावार उतारा मागवतो. जून ते सप्टेंबर 90 आणि नोव्हेंबरात 50 असे निघाले, तर त्या 78 मागे दडलेली वेचणी मला दिसते. फोनवर मुख्याध्यापक वैतागतात, आणि त्यांचेही बरोबर असते.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी सरांनी 1400 आणि 552 यांची बेरीज केली, 1952 ला 40 ने भागले आणि फळ्यावर 48.8 लिहून शेजारी कंसात '40 पैकी 40' असे मांडले. माझे गुण 41 होते.