आमची गाडी कॅरॅव्हॅन ओढेल का?

इंग्लंडात थंडी जरा सरली, की मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात कोणीतरी श्रीखंडाची वाटी घेऊन मला गाठतंच. "ताई, तुमच्याकडे कॅरॅव्हॅन आहे ना? आमची गाडी ओढेल का हो?"

कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ओढेल. हल्लीची बरीशी डिझेल गाडी निमूट ओढते. पण उतारावर कॅरॅव्हॅन मागून रेटते, आडव्या वाऱ्यात किंवा शेजारून मोठी लॉरी सुसाट गेली की डुलते. तेव्हा तिला आवरणार कोण? इंजिन नव्हे, गाडीचं स्वतःचं वजन.

कंपनी ओढण्याची जी मर्यादा देते, ती ठरवताना १२ टक्के चढावर थांबलेली गाडी पुन्हा निघते का, हे बघतात. मोटरवेवर शेपूट हलायला लागली तर काय, हे त्या आकड्यात नसतं. म्हणून इथले कॅरॅव्हॅन क्लब ८५ टक्क्यांचा आडाखा सांगतात: कॅरॅव्हॅनचं भरलेलं कमाल वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. हात बसल्यावर थोडं वर चालेल, पण शंभराच्या पुढे नाहीच. हा कायदा नाही. कंपनीची मर्यादा ओलांडणं मात्र बेकायदा.

समजा, तुमच्या गाडीचं वजन १,६०० किलो आणि कंपनीची मर्यादा १,८००. विक्रेता खुशाल १,७०० किलोची कॅरॅव्हॅन दाखवेल, कागदोपत्री तो खोटंही बोलत नसेल. तुम्ही मात्र १,३६०च्या आतलीच बघा.

आता सामान. कॅरॅव्हॅनचं रिकामं वजन आणि भरलेलं कमाल वजन यांत फरक असतो बहुधा शे-दीडशे किलोंचा. मागाहून बसवलेला मूव्हर (गाडीशिवाय कॅरॅव्हॅन हलवणारी मोटर) आणि दारापुढचा तंबू यांनीच त्यातला मोठा घास खाल्लेला असतो. त्यावर आपली मंडळी दोन कुकर, बिर्याणीचं पातेलं आणि कणकेची दहा किलोची पिशवी चढवतात, 'तिकडे मिळालं नाही तर?' म्हणून. अहो, डेव्हनमध्येही दुकानं आहेत! आणि पाण्याची टाकी रिकामी करून निघा; ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो.

भरण्याचीही रीत आहे. बैलगाडी मागे जड भरली की उलाळ होते, जू वर उठतं; इथेही तसंच. मागे जड झालेली कॅरॅव्हॅन रस्त्यावर नागमोडी चालू लागते. जड वस्तू खाली, आसाच्या आसपास. वरच्या कपाटांत फार तर टॉवेल. गाडीला अडकवायच्या पुढच्या हुकावर कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के भार यायला हवा, १,३५० किलोला साधारण ६८ ते ९४. पण टोबारची (गाडीमागच्या जोडणीच्या दांड्याची) किंवा गाडीची मर्यादा ७५ असेल, तर ७५च. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. सपाट जागी भरलेली कॅरॅव्हॅन उभी करायची, चाकांना ठोकळे लावायचे. हुकाखाली काटा, काट्यावर फळी, फळीवर लाकडाचा तुकडा उभा, सगळं मिळून टोबॉलच्या, म्हणजे टोबारवरच्या गोळ्याच्या, उंचीइतकं. मग पुढचं छोटं चाक हळूहळू वर घ्यायचं, म्हणजे सगळा भार काट्यावर येतो. आकडा जास्त आला तर पुढच्या कपाटातलं काहीतरी थोडं मागे सरकवायचं आणि पुन्हा मोजायचं.

एवढं करूनही शेपूट हललीच, तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगशी झटापट नको. ते सरळ धरा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचला. मोटरवेवर कॅरॅव्हॅनला ताशी ६० मैलांची मर्यादा आहे, वारा असला तर तेवढा वेगही जास्तच. यॉर्कशरमधल्या सटन बँकच्या चढावर तर कॅरॅव्हॅनला बंदीच आहे, तेव्हा नेव्हिगेशनवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

लायसन्सचं विचाराल, तर १९९७ पासून परीक्षा पास झालेल्यांना जड कॅरॅव्हॅनसाठी वेगळी परीक्षा लागायची. ग्रेट ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली. ३,५०० किलोंपर्यंत साधं कारचं लायसन्स चालतं. माझ्या मते त्यामुळे शिकायचं राहूनच जातं. क्लबांचे वर्ग असतात, पैसे वसूल होतात.

राहिले हायब्रिड आणि इलेक्ट्रिकवाले. गाडीच्या नोंदणीच्या व्ही-५-सी कागदावर ओ.१ हा रकाना बघा, ब्रेकवाल्या ट्रेलरची मर्यादा तिथे असते. तिथे काहीच नसेल तर मॅन्युअल उघडा. ओढायला परवानगीच नसलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. त्यातली तुमची निघाली, तर टोबारच्या भानगडीत न पडता कॉर्नवॉलला जागेवरच उभी असलेली कॅरॅव्हॅन भाड्याने घ्या. तिथे कणीक हवी तेवढी न्या.