पानिपत आणि तिळगूळ

“आज संक्रांत, आणि आजच पानिपत! संक्रांत कोसळली म्हणतात ते उगाच नाही.” सोसायटीच्या गेटवर तिळगूळ हातावर ठेवताना शेजारचे काका म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते दिवसभर खटकत राहिलं.

पानिपतची तारीख पक्की आहे. 14 जानेवारी 1761, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. पण संक्रांत कुठे एका तारखेला ठाण मांडून बसते? साधारण सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. विवेकानंद जन्मले 12 जानेवारी 1863 ला, आणि त्या दिवशी संक्रांत होती. (त्यांच्या जयंतीला आपण युवा दिन म्हणतो, संक्रांतीचं कुणाला आठवत नाही.) त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलात तर ती दहा-अकराच्या आसपास येते. म्हणजे लढाईच्या तीन-चार दिवस आधीच.

संध्याकाळी काकांना हे सांगितलं. ते काही बोलायच्या आत त्यांची नात म्हणाली, “आजोबा, मग सैनिकांनी तिळगूळ खाल्ला असेल?”

कुठला तिळगूळ! अब्दालीने रसद तोडलेली, छावणीत माणसं आणि घोडी उपाशी. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, म्हणून तर भाऊसाहेब बाहेर पडले.

काका म्हणाले, “असेल बाबा तुझं गणित बरोबर. पण मी आपला पुढच्या वर्षीही हेच सांगणार.”

सांगोत बापडे. तारखा जुळल्या की गोष्ट लक्षात राहते, हेही खरंच. तुमच्याकडे कुठल्या तारखांची अशी सोयरीक जुळवून दिली आहे?